कॅमेरे वाढले, मग रेफरीवरचा राग का वाढला?

२५ जानेवारी २०२५ च्या शनिवारी वुल्व्ह्ज आणि आर्सेनल यांच्या सामन्यात मध्यंतराच्या जरा आधी आर्सेनलच्या अठरा वर्षांच्या माइल्स लुईस-स्केलीनं प्रतिस्पर्धी मॅट डोहर्टीला पाडलं. जागा अशी, की तिथून आर्सेनलचा गोल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. अशा फाउलला बहुतेक वेळा पिवळं कार्ड निघतं. रेफरी मायकल ऑलिव्हर यांनी थेट लाल काढलं आणि व्हिडिओ पाहणाऱ्या सहकाऱ्यानंही ते कायम ठेवलं. आर्सेनल तरीही १-० जिंकलं. मंगळवारी अपिलात लाल कार्ड रद्द झालं, खेळाडूवरची बंदीही उठली. खेळाच्या हिशेबानं प्रकरण तीन दिवसांत मिटलं.

पण त्याआधी सोमवारीच रेफरींच्या संस्थेला जाहीर निवेदन काढावं लागलं होतं: ऑलिव्हर यांना धमक्या येत आहेत आणि पोलिसांनी तपास सुरू केला आहे.

यात एक गंमत आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी बसण्यापेक्षा जवळच्या मैदानावर जावं म्हणून पाळलेली ही जुनी प्रथा. हा सामना त्याच वेळातला. आपल्याकडे रात्री साडेआठला नाशिक-नागपुरातला माणूस तो थेट बघू शकत होता, लंडनमधला नाही. मैदानाबाहेरच्या ब्रिटिश प्रेक्षकाच्या वाट्याला प्रामुख्यानं आल्या त्या नंतरच्या क्लिप आणि रिप्ले.

पूर्वी रेफरीची चूक दाखवायला कॅमेरे कमी होते, ती सुधारायला तर काहीच नव्हतं. आता दोन्ही आहे. मग राग कमी व्हायला हवा होता.

## खोलीत बसलेला रेफरी नेमकं काय करतो

व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी. मैदानापासून दूर, पडद्यांसमोर बसलेला रेफरी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगसाठी ही मंडळी लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये बसतात. २०१८ च्या विश्वचषकात ही पद्धत आली, प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० च्या हंगामात.

खोलीतल्या रेफरीला वाटेल तिथे बोलता येत नाही. मूळ नियमावलीत त्याला चार प्रसंग दिले होते: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं जाणं. त्यातही मैदानावरचा निर्णय ढळढळीत चुकीचा असेल तरच मध्ये पडायचं. तो स्वतःला विचारतो, ‘हा निर्णय टिकण्यासारखाच नाही का?’ घरचा प्रेक्षक विचारतो, ‘मी असतो तर काय दिलं असतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. निम्मी भांडणं इथेच जन्मतात.

क्रिकेटचा थर्ड अंपायर आपल्याला इतका सवयीचा झालाय, की फुटबॉलमध्येही तसंच असेल असं आपण धरून चालतो. पण थर्ड अंपायरपुढचे बहुतेक प्रश्न रेषेचे असतात. बॅट क्रीजच्या आत होती का? चेंडू यष्टीला लागला असता का? फुटबॉलमध्ये रेषेचे प्रश्न थोडे, मताचे फार. धक्का किती जोरात होता? हात नैसर्गिक स्थितीत होता का? त्या टॅकलनं समोरच्याला इजा होण्याचा धोका होता का? अशा प्रश्नांवर दोन अनुभवी रेफरी एकच चित्र बघून प्रामाणिकपणे दोन उत्तरं देऊ शकतात. क्रिकेटनं शंकेच्या जागेला ‘अंपायर्स कॉल’ असं नाव देऊन टाकलं. आपण त्यावर चरफडतो, पण निकाल मान्य करतो. प्रीमियर लीगनं २०२४-२५ पासून ‘रेफरीज कॉल’ हा शब्द पुढे आणला, तोही याच कारणासाठी.

रेषेचे प्रश्नही वाटतात तितके सरळ नाहीत. ऑफसाइडच घ्या: पास सुटतो त्या क्षणी फॉरवर्ड (गोलरक्षक सोडून) शेवटच्या बचावपटूच्या पुढे असायला नको. युरोपातल्या टीव्हीवरचं चित्र साधारणपणे सेकंदाला ५० चौकटींचं. दोन चौकटींमध्ये ०.०२ सेकंद. सेकंदाला आठ मीटर वेगानं पळणारा फॉरवर्ड तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. टीव्हीच्या चित्रावरून पास नेमका कुठल्या चौकटीत पायातून सुटला हे ठरवतानाच इतका फरक पडू शकतो, आणि आपण मात्र बोटभर ऑफसाइडवर रात्रभर वाद घालतो.

शिवाय कधी कधी कॅमेऱ्याला ठाऊकच नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलच्या अँथनी गॉर्डननं आर्सेनलवर गोल केला, तेव्हा खोलीत एकामागोमाग तीन गोष्टी तपासल्या गेल्या: चेंडू आधी बाहेर गेला होता का, आर्सेनलच्या गॅब्रिएलला ढकललं होतं का, आणि गॉर्डन ऑफसाइड होता का. चेंडू रेषेपलीकडे गेल्याचं छातीठोकपणे सांगणारा कोन एकाही कॅमेऱ्याकडे नव्हता. पुरावा नाही, म्हणून मैदानावरचा निर्णय राहिला. न्यूकॅसल १-० जिंकलं.

## वेग बदलला की घटना बदलते

माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे.

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. २६ वं मिनिट. लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय चेंडूवरून घसरून टॉटनहॅमच्या बिसूमाच्या पायावर पडला. रेफरी सायमन हूपर यांनी पिवळं कार्ड दाखवलं. खोलीतून त्यांना मैदानाकडेच्या पडद्यापाशी बोलावलं गेलं. तिथे गेल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते गोठवलेलं चित्र: बूट नडगीवर रुतलेला. पिवळ्याचं लाल झालं. लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लोप यांनी नंतर याच गोठवलेल्या चित्रावर बोट ठेवलं. लिव्हरपूलचं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा लाल कार्ड चूकच होतं असं माझं म्हणणं नाही. पण तो बूट घसरत तिथवर कसा आला, हे गोठवलेलं चित्र सांगत नाही. तिथे फक्त बूट आणि नडगी असते.

स्लो मोशनचं तसंच. पाव सेकंदात घडलेली हालचाल अडीच सेकंदांत दाखवली, की त्या माणसाला विचार करायला अडीच सेकंद मिळाले होते असं बघणाऱ्याला वाटतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका गोळीबाराचं चित्रण लोकांना दाखवून हे तपासलं. संथ गतीत बघणाऱ्यांना गोळी झाडणाऱ्याचा हेतू जास्त पक्का वाटला. २०१८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी युरोपातल्या पाच देशांतल्या ८८ अव्वल रेफरींना फाउलची दृश्यं दाखवली. तिथेही संथ गतीत बघताना शिक्षेचा कल कडक झाला. ही माणसं रोज हेच काम करणारी, तरी त्यांची ही गत.

नियम बनवणाऱ्यांना हे माहीत आहे. व्हीएआरच्या नियमावलीत लिहिलंय की संपर्क कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का, अशा गोष्टींसाठी स्लो मोशन वापरा. धक्क्याचा जोर ठरवायला नेहमीच्या वेगातलं चित्र बघा. टीव्हीवर असा कुठलाच नियम लागू नाही. सामन्याचं चित्रण करणाऱ्या गाडीत बसलेल्या दिग्दर्शकाला काही क्षणांत कोन निवडायचा असतो, आणि तो सर्वांत थरारक कोन निवडतो. ते त्याचं कामच आहे.

## ‘आंधळ्यालाही दिसेल, मग त्याला कसं दिसलं नाही?’

चारदा संथ गतीत, जवळून आणि वरून बघितल्यावर घरच्या प्रेक्षकाला फाउल लख्ख दिसतो. रेफरीनं तो एकदा, पळता पळता, मध्ये तीन खेळाडू असताना बघितलेला असतो. दोघांनी एकच घटना पाहिली असं आपण धरून चालतो. त्यातून पुढचा विचार आपोआप येतो: इतकं उघड दिसत असून दिलं नाही, म्हणजे मुद्दामच दिलं नाही.

चुकीचा राग वेगळा आणि बेइमानीचा वेगळा. चुकणाऱ्याला माणूस शिव्या घालून झोपतो. आपल्याला लुटलंय असं वाटलं, की तो झोपत नाही, फोन उचलतो. ‘चोर’, ‘विकला गेला’ हे शब्द रेफरीच्या बाबतीतच इतक्या सहज निघतात, त्याचं कारण हे. रिकाम्या गोलासमोर चेंडू बाहेर मारणाऱ्या स्ट्रायकरला कुणी विकला गेला म्हणत नाही.

त्याच टॉटनहॅम सामन्यातला दुसरा प्रसंग बघा. लुईस डियाझनं गोल केला, सहायक रेफरीनं ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीत तपासणी झाली आणि गोल योग्य असल्याचं निघालं. पण व्हीएआर डॅरेन इंग्लंड यांचा समज झाला होता की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं आणि खेळ पुढे सुरू झाला. पडद्यावर रिप्ले चालवणाऱ्या ऑपरेटरच्या लक्षात चूक आली, त्यानं खेळ थांबवा म्हणून सांगून पाहिलं. पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही हा नियम. लिव्हरपूल २-१ हरलं.

दोन दिवस तर्ककुतर्कांना ऊत आला होता. हे रेफरी काही दिवसांपूर्वी संयुक्त अरब अमिरातीत एक सामना सांभाळून आले होते, त्याचाही धागा जोडला गेला. मग मंगळवारी खोलीतल्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर झाली. तिच्यात कट वगैरे काही ऐकू येत नाही. एकमेकांचं बोलणं नीट न समजलेली, नंतर हादरलेली माणसं ऐकू येतात. कुठल्याही सरकारी कचेरीत दोन टेबलांमध्ये होतो तसला घोळ.

## दोन सेकंदांचा प्रसंग आठवडाभर पुरतो

टीव्हीच्या बाजूनं विचार करा. दोन संघांच्या डावपेचांचं चांगलं विश्लेषण करायचं तर तासभर चित्रण चाळावं लागतं, आणि तरीही ते सगळ्यांना रुचेलच असं नाही. लाल कार्डावर वाद घालायला काहीच लागत नाही. चार रिप्ले, तीन माजी खेळाडू, एक प्रश्न: ‘तुम्ही दिलं असतंत?’ मध्यंतरात एकदा, सामना संपल्यावर एकदा, रात्रीच्या क्षणचित्रांत एकदा. सोमवारी माजी रेफरी येऊन शनिवार-रविवारच्या निर्णयांची चिरफाड करतो, त्याचा वेगळा कार्यक्रम असतो. प्रत्येक फेरीत रेफरीचं नाव घेतलं जातं आणि तोच कोन दाखवला जातो. मग क्लिप सुटी होते. तिच्यामागची चर्चा गळून पडते, उरतात आठ सेकंद आणि एक नाव.

यात तेल ओतणारे बहुतेकदा क्लबातलेच असतात. एप्रिल २०२४ मध्ये एव्हर्टनविरुद्ध तीन पेनल्ट्या नाकारल्या गेल्या म्हणून नॉटिंगहॅम फॉरेस्टनं आपल्या अधिकृत खात्यावरून लिहिलं की व्हीएआर हा ल्युटनचा (खालच्या श्रेणीत जाणं टाळण्याच्या शर्यतीतला फॉरेस्टचा प्रतिस्पर्धी) चाहता आहे आणि आम्ही आधीच इशारा दिला होता. फॉरेस्टला साडेसात लाख पौंड दंड झाला. पण एका क्लबनं शिक्का मारून दिला, की चाहत्याला वाटतं आता आपल्यालाही परवानगी आहे.

स्पेनमध्ये हे आणखी पुढे गेलंय. रेयाल माद्रिदची स्वतःची वाहिनी सामन्याआधी त्या सामन्याच्या रेफरीच्या जुन्या ‘चुकां’च्या चित्रफिती दाखवते. एप्रिल २०२५ मध्ये सेव्हिलात रेयाल आणि बार्सिलोना यांच्यातल्या कोपा देल रे अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रेफरी रिकार्डो दे बुर्गोस बेंगोएचेआ पत्रकारांसमोर बसले. मुलाला शाळेत पोरं ‘तुझा बाप चोर आहे’ म्हणतात आणि तो रडत घरी येतो, हे सांगताना त्यांचाच बांध फुटला. रेयालनं यावर त्या संध्याकाळचा सराव आणि पत्रकार परिषद रद्द केली. म्हणजे तक्रार कुणाची, आणि रुसलं कोण! दुसऱ्या दिवशी जादा वेळेत ३-२ असं हरताना रेयालच्या अँटोनियो रुडिगरनं राखीव खेळाडूंच्या बाकाजवळून रेफरीच्या दिशेनं वस्तू भिरकावली. त्याला सहा सामन्यांची बंदी झाली.

## ‘हे सगळं सोशल मीडियाचं पाप आहे’

पूर्ण नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालविरुद्ध इंग्लंडचा सोल कॅम्पबेलचा गोल नाकारणारे स्विस रेफरी उर्स मायर यांना हजारो ईमेल गेले, धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. तेव्हा ट्विटर नव्हतं. ब्रिटनमधली टॅब्लॉइड वृत्तपत्रं होती. २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यानंतर चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी रेफरी अँडर्स फ्रिस्क यांच्यावर आरोप केला, की मध्यंतरात बार्सिलोनाचे प्रशिक्षक त्यांना भेटले. घरच्यांपर्यंत धमक्या पोचल्यावर फ्रिस्क यांनी शिट्टीच खाली ठेवली. मोरिन्योंना दोन सामन्यांची बंदी झाली. एकाची कारकीर्द संपली, दुसऱ्याची बहरली.

मोबाइलनं अंतर मात्र संपवलं. एप्रिल २०१८ मध्ये रेयाल-युव्हेंटस सामन्यात ऑलिव्हर यांनी शेवटच्या क्षणी रेयालला पेनल्टी दिली आणि युव्हेंटसचा गोलरक्षक बुफॉन याला बाहेर काढलं. त्यानंतर त्यांच्या पत्नीचा फोन नंबर सोशल मीडियावर टाकला गेला आणि तिला घाणेरडे संदेश येऊ लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये माइक डीन यांची एका आठवड्यात दोन लाल कार्डं अपिलात रद्द झाली. त्यातलं टोमाश सोचेकचं कार्ड त्यांनी मैदानाकडेच्या पडद्यावर रिप्ले बघून दिलं होतं. कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्यावर डीन यांनी पुढच्या आठवड्यात प्रीमियर लीगचा सामना देऊ नका अशी विनंती केली.

कायदा आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानं धमकीचा संदेश पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा केला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पुण्यात बसून लंडनच्या रेफरीला ठार मारण्याची धमकी देणाऱ्यानं ‘आपल्याला कोण विचारतंय’ म्हणू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये अशा धमकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नाव लपवून दिली तर वर आणखी दोन वर्षांपर्यंत. अडचण माणूस शोधण्याची आहे. खातं खोटं, देश वेगळा, कंपनी तिसरीकडची.

## ‘पण त्यांची चूक होतीच ना? टीकाही करायची नाही का?’

जरूर करायची. लुईस-स्केलीचं कार्ड रद्द झालं, म्हणजे टीका करणारे बरोबरच होते. रेफरी व्यावसायिक आहेत, पगार घेतात. सतत चुकणाऱ्याला सामने देऊ नका म्हणण्यात काही गैर नाही. निर्णयावर बोला, नियम चुकीचा लावला असेल तर तो दाखवा. मात्र हेतूवर बोट ठेवायचं तर पुरावा हवा, आणि स्लो मोशन हा हेतूचा पुरावा नाही.

माझी तक्रार टीव्हीकडे आहे आणि ती छोटी आहे. आधी नेहमीच्या वेगात दाखवा, रेफरी उभा होता साधारण त्या बाजूनं दाखवा, नियम एका वाक्यात सांगा, आणि मग हवे तितके स्लो मोशन लावा. आज क्रम बरोबर उलटा आहे.

## ‘मग व्हीएआर काढूनच टाका’

जून २०२४ मध्ये वुल्व्ह्जनं हाच ठराव प्रीमियर लीगपुढे आणला. १९ विरुद्ध १ मतानं पडला. स्वीडनच्या क्लबांनी चाहत्यांच्या विरोधामुळे व्हीएआर घेतलाच नाही. पण व्हीएआर नसला की राग जातो, असं मानायचं तर ३ मार्च २०२३ चा बंगळूरचा सामना आठवा. इंडियन सुपर लीगमध्ये व्हीएआर नव्हता. जादा वेळेत केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू अजून सावरत असतानाच सुनील छेत्रीनं झटपट फ्री किक मारून गोल केला. रेफरीनं तो दिला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर नेला. ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड आणि वुकोमानोविच यांना दहा सामन्यांची बंदी झाली. तिथे काय घडलं हे सगळ्यांना दिसलं होतं. भांडण नियमाच्या अर्थावर होतं. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांत पंचाशी हुज्जत घालायला कुणाला कधी रिप्लेची गरज पडलेली नाही.

## ‘रेफरी स्वतः बोलत का नाहीत?’

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. प्रशिक्षक माइकपुढे येतात, खेळाडू येतात, आणि ज्याच्याबद्दल सगळे बोलतात तो सामन्यानंतर क्वचितच समोर येतो. त्यात थोडा बदल होतोय. ८ जानेवारी २०२५ ला इंग्लंडच्या लीग कपच्या टॉटनहॅम-लिव्हरपूल उपांत्य सामन्यात स्टुअर्ट अॅटवेल यांनी माइकवरून प्रेक्षकांना सांगितलं की टॉटनहॅमचा सोलंकी ऑफसाइड असल्यानं गोल नाही. इंग्लंडमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या हंगामात प्रीमियर लीगनंही ही पद्धत घेतली. रेफरींच्या संस्थेचे प्रमुख हॉवर्ड वेब हे स्वतः २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे रेफरी. निवडक निर्णयांच्या ध्वनिफिती घेऊन ते टीव्हीवर बसतात आणि कुठे चुकलं तेही सांगतात.

माइकवरच्या घोषणेत काय ठरलं ते कळतं; का ठरलं, मध्ये कुणाला काय दिसलं, ते नाही. ते वेब यांच्या कार्यक्रमात कळतं, पण क्लिप फिरून गेल्यावर. रग्बीत रेफरी आणि व्हिडिओ अधिकारी यांचं बोलणं प्रेक्षकाला थेट ऐकू येतं. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी त्याला अजून होकार दिलेला नाही, आणि संभाषण चालू असताना ऐकवलं तर दबाव आणखी वाढेल असं त्यांचं म्हणणं आहे.